हळद उडाली, गेरू राहिला: अंगणातले रंग, उन्हाळा तिसरा

गेल्या वर्षी पोस्टर कलरच्या बाटल्या आणल्या आणि दोन सकाळींत संपल्या. पाच पोरं, एक जुनी चादर, आणि बादलीत अख्खी बाटली उपडी केली तर काय होतं याचं कुतूहल. यंदा रंग विकत आणायचेच नाहीत असं ठरवलं. स्वयंपाकघर, परसातली झाडं आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान, एवढ्यात भागवायचं. आम्ही अमरावतीचे, त्यामुळे सगळा खेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ, कडुनिंबाखाली. त्यानंतर अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नाही.

१८ एप्रिल
खळ जमली. १ वाटी कॉर्नफ्लोअर, ५ वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायचं, नाहीतर गुठळ्या होतात आणि पोरं त्या गुठळ्या एकमेकांना फेकून मारतात. मंद आचेवर ढवळत राहिलं की दुधासारखं पांढरं पाणी हळूहळू काचेसारखं दिसायला लागतं. तिथेच गॅस बंद. गार झाल्यावर डबे भरले आणि प्रत्येकात एकेक रंग कालवला: हळद, बीट, गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी, मार्चमध्ये गोळा करून वाळवलेली पळसाची फुलं रात्रभर भिजवून काढलेला केशरी. आणि गेरू. तुळशीवृंदावनाला लावतो तोच. खडे कुटून, रात्रभर भिजवून, जुन्या ओढणीतून गाळला. तळाशी बसलेली रेती टाकून दिली, ती बोटांना खरचटते.

पोरांच्या हातात बारीक ब्रश द्यायचा नाही, हे दोन उन्हाळ्यांत शिकलो. बारीक ब्रश आला की मांडी घालून डोंगर, नदी, झोपडी सुरू. चुना लावायचा कुंचा दिला की सगळी उभी राहतात, हात खांद्यापासून फिरतो, आणि मग जे उमटतं त्याला नाव देता येत नाही. भेंडीचे ठसे आणि खराट्याच्या काड्या हवेतच. बटाट्याचे ठसे मला आवडत नाहीत. ते कोरायचं काम शेवटी बापावरच येतं.

२० एप्रिल
खळ नासली. बाहेर ४३ अंश. झाकण उघडलं तर आंबट भपकारा आणि वर बुडबुडे. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, ती टिकते. पण मोरचूद विष आहे आणि आमचा धाकटा अजून बोटं चाखतो. त्यामुळे तो विषयच नाही. आता रोज लागेल तेवढीच शिजवतो, उरलेली फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपली तर ठीक, नाहीतर कुंडीत.

२४ एप्रिल
आजचा दिवस खरा. मोठीने चादरीवर हळदीचा भलामोठा सूर्य काढला आणि दोन मिनिटांत ओरडली, "बाबा, माझा सूर्य लाल होतोय!" खरंच होत होता. कडेने पिवळा, मधे विटकरी. चादर मीच आदल्या रात्री धुण्याच्या सोड्यात भिजवली होती आणि खळबळायचा आळस केला होता. हळदीला सोड्यासारखा आम्लारी पदार्थ भेटला की ती लाल होते, हे शाळेत शिकलो होतो. चादरीवर पाहिलं नव्हतं.

मग बेत बदलला. जुन्या धोतराचं पान हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर टाकलं, दहा मिनिटांत कडकडीत. एका वाटीत कपड्याच्या साबणाचं पाणी, दुसऱ्या वाटीत लिंबूसत्वाचं. एकाने साबणाने लाल रेघ ओढायची, दुसऱ्याने आंबट पाण्याने ती पुसायची. तासभर कोणी भांडलं नाही. आमच्याकडे हा विक्रम आहे.

लिंबाचा रस मात्र मुद्दाम वापरला नाही. तो कातडीला लागून वर ऊन पडलं की लाली येते, फोड येतात, आणि नंतर काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत. लिंबूसत्वात ही भानगड नाही. चिंचेचं पाणीही चालतं, फक्त कापड मळकट दिसतं. लिंबूसत्वाचं आणि चिंचेचं पाणी डोळ्यांपासून लांब ठेवायचं, साबणाचंसुद्धा. चुन्याची निवळी तर मुलांच्या आसपास नकोच.

शेवटी धाकटा नखशिखांत पिवळा, हळदीला बसलेल्या नवरदेवासारखा. न्हाणीघरात साबण लावला तर पाय लालभडक! भोकाड पसरलं. लिंबूसत्वाच्या पाण्याचा एक तांब्या ओतला, पाय पुन्हा पिवळे. मग "परत कर, परत कर" सुरू झालं.

२ मे
एक चाचणी लावली. पांढऱ्या कापडावर पाच रंगांचे पट्टे, निम्म्यावर फरशीचा तुकडा, गच्चीत टाकलं. बीटाने पहिल्याच संध्याकाळी मान टाकली, गुलाबीचा मातकट झाला. तिसऱ्या दिवशी फरशी उचलली: झाकलेली हळद खणखणीत, उघडी जवळपास पांढरी. गोकर्णाचा निळा राखाडीकडे. पळस फिका, पण ओळखू येतो. गेरूवर रेषही दिसत नाही, झाकलेला कुठला आणि उघडा कुठला ते सांगता येऊ नये. माती आणि लोखंडाचा गंज, त्याला ऊन काय करणार.

मी हे सगळं वहीत लिहीत होतो तर आई म्हणाली, "अरे, हळदीचा डाग उन्हात टाक म्हणून तुझं लग्न झाल्यापासून सांगतेय मी." बरोबर आहे. आता पिवळे झालेले टीशर्ट घासत बसत नाही. साध्या पाण्यात पिळायचे आणि भर उन्हात टाकायचे.

९ मे
यावरून कामाची वाटणी झाली. रोजची धुळवड हळद, बीट, गोकर्ण यांची; चादर आठवडाभर दोरीवर राहिली की जवळजवळ कोरी होते आणि पुन्हा वापरता येते. एकच चादर आता तिसऱ्यांदा चालू आहे. तिच्यावर आधीच्या खेळांची पुसट भुतं दिसतात आणि पोरं मुद्दाम ती शोधून गिरवतात. मोठीला तिचं चित्र राहायला हवं होतं, तिला गेरू दिला. तिने परसातल्या भिंतीवर रांगेने मुंग्या काढल्यात, त्रेचाळीस आहेत, मी मोजल्या. तांदळाच्या पिठाने पांढरे डोळे दिले होते. ते खऱ्या मुंग्यांनी रात्रीत नेले.

हिरवा अजून हुकतोय. पालक वाटून घातला तर दुसऱ्या दिवशी शेवाळी. हळद आणि गोकर्ण मिसळून सुरेख पोपटी मिळतो, पण हळद उडाली की मागे नुसता मळका निळा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे अजून दीड महिना हातात आहे. कोणाकडे पोरांच्या तोंडात गेला तरी चालेल आणि उन्हात चार दिवस टिकेल असा हिरवा असेल, तर प्रमाणासकट सांगा.