आजच का छापलं?

आमच्या वेळी प्रार्थनेनंतर बातम्या वाचायची पाळी यायची. इंदूरला घरोघरी ‘नईदुनिया’, त्यामुळे हिंदी बातमी मराठीत करून न्यावी लागे. भूगोलाचे सर मधेच थांबवत, “कोण सांगतंय हे? आणि आजच का छापलं?” आम्ही गप्प. (त्या ‘नईदुनिया’चे संपादक राहुल बारपुते आपल्याच मराठी मंडळींपैकी. राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी हे हिंदीतले नामवंत संपादक त्यांच्याच तालमीत तयार झाले, हे मी परदेशी सहकाऱ्यांना हटकून ऐकवते.)

पुढचं थोडक्यात: पत्रकारितेत एम.ए., थोडी बातमीदारी, मग पीएच.डी. आणि आता विद्यापीठात शिकवणं. विषय एकच, आपत्तीची बातमी आणि तिच्यामागून जाणारी मदत.

त्याची मुळं १९८४ मध्ये आहेत. २३ ऑक्टोबरला बीबीसीनं इथिओपियातला दुष्काळ दाखवला आणि जगभरातून पैशांचा ओघ सुरू झाला. पुढच्या जुलैत ‘लाइव्ह एड’ ही दुष्काळग्रस्तांसाठीची संगीत मैफल झाली. पण माणसं काही ऑक्टोबरात उपाशी पडली नव्हती. इशारे आधीच दिलेले होते, यादवी युद्धही चालूच होतं. डिसेंबरात आपल्या शेजारी भोपाळची वायुगळती. तिथले पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून आपल्या छोट्याशा साप्ताहिकात युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्याचा धोका मांडत होते. छापून आलं होतं, अगदी वेळेवर. हलला कोणीच नाही.

आयसेन्सी आणि स्ट्रॉमबर्ग या अर्थतज्ज्ञांनी १९६८ ते २००२ मधल्या सुमारे ५,००० आपत्ती तपासल्या. ऑलिंपिक चालू असताना आलेल्या आपत्तीला अमेरिकेची मदत मिळण्याची शक्यता कमी, कारण तेव्हा बातम्यांत जागाच नसते. ज्वालामुखीत एक माणूस गेला तर बातमी होण्याची जी शक्यता, ती अन्नटंचाईत यायला ४०,००० जावे लागतात. हा आकडा सांगितला की वर्गात मोबाइल खाली ठेवले जातात.

संपादकांना दोष देऊन मी मोकळी होत नाही. न घडलेल्या पुराचा फोटो त्यांनी आणायचा कुठून? म्हणून हल्ली मदत संस्था आपत्ती येण्याआधी, हवामानाच्या अंदाजावरच पैसे सोडू लागल्या आहेत. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात पूर शिगेला पोहोचण्याआधीच संयुक्त राष्ट्रांनी निधी मोकळा केला. परवा वर्गात विचारलं, ही बातमी कोणी वाचली होती का? एकही हात वर आला नाही.