भाडेवाढीचा निवाडा आणि कलम ३४

कर्वे रस्त्यावरील आमच्या दुकानाच्या भाडेकरारात ठरावीक मुदतीनंतर भाडे बाजारभावाप्रमाणे ठरवावे आणि मालक व भाडेकरू यांचे एकमत न झाल्यास एकाच लवादाने निर्णय द्यावा, अशी अट आहे. भाडेकरू आमची कौटुंबिक कंपनी असून तिचे भरणा भांडवल, म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले भांडवल, एक कोटी रुपयांहून अधिक आहे, त्यामुळे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण आम्हाला नाही. लवादांनी ठरवलेले भाडे आम्हाला फार जड आहे, हे खरे. पण निवाड्याला, म्हणजे लवादाच्या निर्णयाला, आव्हान देताना तो मुद्दा उपयोगाचा नसतो आणि ओळखीच्या अनेक व्यापाऱ्यांना हेच पटवून द्यावे लागते.

आमची जागा पहिल्या मजल्यावर असून जिना बाजूच्या गल्लीतून आहे. दोन्ही बाजूंनी परिसरातील नोंदणीकृत करार दाखल केले होते. निवाड्यात त्यांपैकी एकाचाही विचार झालेला नाही. सुनावणी संपल्यावर लवादांनी स्वतःच इंटरनेटवरील जाहिरातींतून रस्त्यालगतच्या, तळमजल्यावरील गाळ्यांचे दर घेतले आणि त्यांवरून आमचे भाडे काढले. जाहिरातीतील दर म्हणजे मालकाची मागणी, तर नोंदणीकृत करारातील दर म्हणजे प्रत्यक्ष ठरलेला व्यवहार, एवढे तरी आम्ही सांगितले असते. परंतु ते आकडे आम्ही प्रथम पाहिले ते निवाड्यातच. माझ्या मते खरा अन्याय येथे आहे.

निवाडा रद्द करण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो तो लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ३४ खाली, पण त्यात न्यायालय अपील ऐकत नाही. पुरावा पुन्हा तोलून भाडे जास्त की कमी हे ते पाहत नाही. किंबहुना केवळ कायदा चुकीचा लावला किंवा पुराव्याचे फेरमूल्यमापन करावेसे वाटते, एवढ्यावरून निवाडा रद्द करता येणार नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. मात्र पक्षकाराला आपली बाजू मांडता आली नसेल, तर ते स्वतंत्र कारण ठरते. सँगयाँग इंजिनिअरिंग विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण या प्रकरणात लवाद मंडळाच्या बहुमताने कोणत्याही पक्षाने दाखल न केलेल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निवाडा रद्द केला. महत्त्वाचा पुरावा दुर्लक्षून दिलेला निर्णय हा उघड बेकायदेशीरपणा, म्हणजे निवाडा रद्द करण्याचे आणखी एक कारण, ठरू शकतो, हेही त्याच निकालात आहे. आमचा अर्ज या दोन मुद्द्यांवरच उभा आहे.

मुदतीबाबत कायदा अत्यंत कठोर आहे. निवाड्याची सही केलेली प्रत पक्षकाराच्या हाती पडल्यापासून तीन महिने मिळतात. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी तीस दिवस, आणि त्यानंतर कितीही सबळ कारण असले तरी एक दिवसही नाही. त्यामुळे प्रत मिळाल्याची तारीख पाकिटासह जपून ठेवावी. नुसता अर्ज दाखल केल्याने निवाड्याची अंमलबजावणी थांबत नाही, हे २०१५ च्या दुरुस्तीपासून स्पष्ट आहे. स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि आम्हाला ती जुन्या व नव्या भाड्यातील थकीत फरकाची रक्कम न्यायालयात भरण्याच्या अटीवर मिळाली. लहान व्यवसायाला ही अट सोपी नाही, आणि आव्हान द्यायचे की नाही हे ठरवताना हा पैसा आधी हिशेबात धरला पाहिजे.

शिवाजीनगरच्या न्यायालयात आमचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे. तो मंजूर झाला, तरी न्यायालय आमच्यासाठी नवे भाडे ठरवून देईल असे नाही. २०२५ मध्ये गायत्री बालसामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निवाड्यात बदल करण्याचा अधिकार मान्य केला खरा, पण तो मर्यादित ठेवला. म्हणजे निवाडा रद्द झाल्यास लवादाची प्रक्रिया बहुधा पुन्हा करावी लागेल, आणि त्याचा खर्च मालकांनाही सोसावा लागेल. म्हणून दोघांच्या संमतीने नोंदणीकृत मूल्यनिर्धारक नेमावा आणि त्याने पहिल्या मजल्यावरील जागांचे नोंदणीकृत करारच आधाराला घ्यावेत, असा लेखी प्रस्ताव आम्ही मालकांना दिला आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.