आमची वाटचाल: आधी आवाज, मग गाडी

चिपळूणच्या बाजारपेठेत मागच्या गल्लीला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पंप, मिक्सर, पंखे. बाबा वाइंडिंग करायचे, मी शाळेतून आलो की सोल्डरिंगला बसायचो. मी दहावीत असताना, २६ जानेवारी १९९८ला, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. रात्री गाव निजलं की वाशिष्ठी नदीपलीकडून डिझेल इंजिनाचा आवाज घरात यायचा. आज आम्ही मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींच्या, इंजिनांना आवाज आणि कंट्रोलर देतो. त्या धंद्याचं मूळ शोधायचंच तर ते तिथे.

मॉडेल रेल्वे मात्र दुकानात आली ती जळून. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका गृहस्थांनी खिशातून इंजिन काढलं, वीतभर लांबीचं, १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. आतली बारा व्होल्टची मोटार गेली होती. ती मी भरून दिली. मग त्यांनी विचारलं, ‘यात आवाज बसेल का हो?’ मी ‘बसेल की’ म्हणालो. कसा, ते मला ठाऊक नव्हतं.

बाहेरून डिकोडर मागवला. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळातून वीज आणि हुकूम दोन्ही जातात, डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम ओळखून मोटार आणि स्पीकर चालवतो. मी डिकोडर बसवून द्यायला लागलो, जोडीला स्वतःचा कंट्रोलरही बनवला. नॉब फिरवला की गाडी पळायची, आवाज चढायचा. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

आमच्या शेजारी एक काका राहतात, डिझेलवर उभी हयात काढलेले ड्रायव्हर. एका संध्याकाळी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. त्यांनी दोनदा नॉब फिरवला आणि परत ठेवला. ‘अरे, ही स्कूटर झाली. डिझेल असं चालतं होय?’

मग चहा गार होईपर्यंत त्यांनी समजावलं. डिझेलच्या हँडलला आठ नॉच, म्हणजे ताकदीचे टप्पे, असतात. नॉच घेतला की वाढते ती ताकद. वेग वजनामागून, सावकाश येतो. मालगाडी सुटताना इंजिन आधी ओरडतं, डब्यांना जोडणारी कपलिंगं ताणली जातात, मग डबे हलतात. आणि गाडी पळायला लागली की ड्रायव्हर हँडल खाली घेतो. इंजिन आयडलला, म्हणजे नुसतं मंद घुरघुरत, गाडी मात्र सुसाट. म्हणजे भरधाव गाडी शांत असू शकते आणि जागची हलत नसलेली गाडी गळा काढू शकते. मी नेमकं याच्या उलट विकत होतो.

दुसऱ्या दिवसापासून आवाज आणि वेग वेगळे काढायला घेतले. नॉचवर इंजिनाचे फेरे ठरतात. ताकदीतून वजन आणि चढ वजा जाऊन उरेल तेवढाच वेग वाढतो, हा हिशोब कंट्रोलरमधली चिप करते. वेग कमी करायला निराळं ब्रेकचं हँडल. गुळगुळीत नॉब काढून बारा खाच्यांचा रोटरी स्विच घातला आणि आतला अडसर नवव्या खाच्यावर लावला. एक आयडल, आठ नॉच. बोटाला ‘खट’ जाणवला पाहिजे, यावर काका अडून बसले.

एक तडजोड करावी लागली. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी या मापात सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर जाते. आठ फुटी फळी तेरा सेकंदांत संपते. खरं वजन दिलं तर वेग धरायच्या आत गाडी टेबलाखाली. म्हणून वजनाला वेगळा नॉब दिला. घरी निम्म्यावर ठेवा, हॉल मोठा असेल तर पूर्ण.

आवाजानं जास्त रडवलं. आल्को आणि ईएमडी ही आपल्याकडच्या डिझेलांची दोन घराणी. आल्कोचं इंजिन फोर-स्ट्रोक (सिलिंडरचा दोन फेऱ्यांत एक ठोका), सोळा सिलिंडरचं. मिनिटाला हजार फेऱ्यांना सेकंदाला १३३ ठोके. ईएमडी टू-स्ट्रोक (दर फेऱ्याला एक ठोका), सिलिंडर तितकेच, पण नऊशे फेऱ्यांना २४० ठोके. म्हणून आल्को धडधडतो आणि ईएमडी घुमतो. साखरेच्या वडीएवढ्या स्पीकरमधून हा खर्ज निघतच नाही. त्यावरचे सूर थोडे उचलले की खालचा कान स्वतःच भरून घेतो. स्पीकरला मागून हवाबंद डबीही हवी. नाहीतर पुढचा आवाज मागचा खातो आणि आल्कोचा डास होतो. पहिल्या खेपेला डब्या नीट सीलच केल्या नव्हत्या. पुण्याच्या एका दुकानदारानं अख्खा खोका परत पाठवला, वर पैसेही अडकवले. पैसे अडकवल्याचा राग अजून आहे, खोक्याचा नाही.

२२ जुलै २०२१. चिपळूणकराला यापुढे काही सांगावं लागत नाही. पुराचं पाणी दुकानात माळ्यापर्यंत. वाइंडिंगची मशीनं, डिकोडर, तयार कंट्रोलर, सगळं चिखलात. खऱ्या इंजिनांच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क तेवढी बायकोनं आदल्या रात्री हिशोबाच्या वह्यांसोबत घरी नेली होती, म्हणून वाचली. रिवाइंडिंग आम्ही तिथेच बंद केलं. आता दुकान घराच्या वरच्या मजल्यावर आहे, दोन मुली सोल्डरिंग करतात. खाऱ्या दमट हवेत स्विचच्या पितळेवर हिरवा थर चढतो, म्हणून प्रत्येक संपर्कबिंदूला मुलामा आणि पाकिटात सिलिका जेल.

रेकॉर्डिंगची घाई वेगळीच होती. पुढच्याच वर्षी, २०२२मध्ये, कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, म्हणजे डिझेलचे आवाज सरत चालले होते. त्याआधीचे दोन पावसाळे मी चिपळूणजवळ कामथ्याच्या बाजूला मेव्हण्याच्या पडवीत माईक लावून बसायचो. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू जातात, त्यामुळे आवाज लांब आणि स्वच्छ मिळतो. स्वच्छ म्हणजे रातकिडे सोडून. ते गाळायला आठवडे गेले, तरी तिसऱ्या नॉचमध्ये एक उरलाच आहे.

गेल्या महिन्यात बंगळूरच्या एका गिऱ्हाइकानं तो बरोबर ओळखला. आम्ही नवी फाईल पाठवतो म्हटलं, तर म्हणाला, नको, राहू दे. काकांनी मात्र चुकांच्या यादीत लिहून ठेवलंय: ‘नॉच ३, किडा.’