३० बाय ४० चा नमुना: तळमजला बंद, जिन्याचा छेद चालू

सरावासाठी एका लहान घराचा नकाशा संगणकावर काढतो आहे, त्याची ही नोंद. सद्यस्थिती अशी: तळमजल्याच्या भिंती, दारे-खिडक्या आणि कॉलम ‘स्वीट होम थ्रीडी’ या घराचे नकाशे काढायच्या प्रोग्रामात बसले आहेत. जिन्याचा छेद, म्हणजे उभा कापून बाजूने दिसणारे चित्र, ‘लिब्रेकॅड’ या रेखाटनाच्या प्रोग्रामात काढणे चालू आहे. जिना पक्का होईपर्यंत पहिल्या मजल्याला हात लावायचा नाही. प्लॉट ३० बाय ४० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट, १११.५ चौरस मीटर, गुंठ्यात १.१. पुण्यात धायरी-वाघोलीकडे गुंठ्याच्या आसपासचे तुकडे भरपूर, म्हणून सरावाला हाच आकार घेतला. रस्ता पूर्वेला.

पहिली भिंत ओढण्याआधी स्वीट होम थ्रीडीत प्राधान्यक्रमांची (प्रेफरन्सेस) खिडकी उघडा. तिथे नव्या भिंतीची जाडी ७.५ सेंमी आणि उंची २५० सेंमी ठेवलेली असते. आपल्याकडे या दोन्ही आकड्यांचा उपयोग नाही. विटेची बाहेरची भिंत २३ सेंमी, आतली ११.५. एएसी ब्लॉक (हलके सिमेंटचे ठोकळे) असेल तर २० आणि १० किंवा १५. हे आकडे फक्त पुढच्या भिंतींना लागू होतात. आधी ओढलेल्या भिंती जुन्याच जाडीच्या राहतात, त्या निवडून वेगळ्या बदलाव्या लागतात. अर्धा नकाशा झाल्यावर जाडी बदलली की सगळ्या खोल्या थोड्या थोड्या आकसतात आणि चूक कुठून शिरली ते सापडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ मध्यरेषेमुळे होतो. भिंत ओढताना एंटर दाबला की लांबी टाइप करता येते, पण ती लांबी भिंतीच्या मध्यरेषेची असते. एका बाजूला २३ सेंमीची आणि दुसऱ्या बाजूला ११.५ ची भिंत असलेल्या खोलीला ३.०० मीटर टाइप केले, तर विटेपासून विटेपर्यंत २.८२७ मीटरच उरतात. दोन्हीकडचे १२-१२ मिमी प्लास्टर वजा केले की २.८०. म्हणजे दहा फुटी वाटणारी खोली प्रत्यक्षात सव्वानऊ फुटांहून कमी, आणि सहा फुटी पलंग नि दोन फुटी कपाट यांच्यामध्ये फिरायला सव्वा फूटसुद्धा राहत नाही. तयार खोली ३.०० हवी असेल तर उलटा हिशेब करा: ३.०० + ०.०२४ प्लास्टर + ०.११५ + ०.०५७५ = ३.१९६५. इथे ३.२० टाकले की काम होते, आणि फुटांत ते नेमके १० फूट ६ इंच येते.

गवंड्याच्या हातात जाणाऱ्या कागदावर मापे विटेपासून विटेपर्यंतचीच हवीत, कारण तो लाइनदोरी विटेला लावतो, प्लास्टरला नाही. प्लास्टरनंतरची मापे फर्निचरच्या प्रतीवर. दोन्ही एकाच कागदावर लिहिली की साइटवर वाद ठरलेला. एकक बदलल्याने भूमिती बदलत नाही, म्हणून मेट्रिकमध्ये काढून दुसरी प्रत फूट-इंचांत खुशाल छापा. इंचाचा आठवा भाग दाखवला जातो, तोच मिस्त्रींचा एक सूत.

खोल्यांचे क्षेत्रफळ आपोआप येते. त्याची बेरीज म्हणजे कार्पेट (घराचे वापरण्याजोगे क्षेत्रफळ) मात्र नव्हे. २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत आतल्या विभाजक भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरतात, प्रोग्रामच्या बेरजेत ती गळते.

जुन्या नकाशाचा फोटो पार्श्वभूमीला घ्यायचा असेल तर स्कॅनच करा. मोबाइलचा फोटो तिरका येतो आणि प्रोग्राम एकाच ज्ञात लांबीवरून दोन्ही दिशांचे प्रमाण ठरवतो. प्रमाण सर्वांत लांब बाजूवर लावा आणि लगेच आडवे माप तपासा.

कॉलम हा कॅटलॉगमधला साधा ठोकळा घेऊन बसवला आहे. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरले जाते, आणि आयएस १३९२०:२०१६ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमची सर्वांत लहान बाजूही ३०० मिमीपेक्षा कमी चालत नाही. भिंत २३० ची, म्हणजे कॉलम ७० मिमी कुठेतरी बाहेर डोकावणारच. ब्लॉकची २०० ची भिंत असेल तर १०० मिमी. आकार आणि सळई इंजिनियर ठरवेल, पण नकाशात आतापासून ३०० बाय ४५० ची जागा राखून ठेवा आणि तो पुढे आलेला भाग कपाटाच्या कोपऱ्यात न येता दाराच्या मागे किंवा बाहेरच्या अंगाला येईल असे बघा. ‘भिंतीत लपेल’ म्हणून सोडलेला कॉलम नंतर मॉड्युलर किचनवाल्याच्या मापात उगवतो.

आता जिना. इथेच सगळे थ्रीडी नकाशे फसवतात, कारण जिना हे त्यांच्या लेखी फर्निचर असते. मॉडेल ओढून उंच केले की पायऱ्यांची संख्या तीच राहते, फक्त प्रत्येक पायरी ताणली जाते. चित्र सुरेख दिसते, राइझर, म्हणजे एका पायरीची उंची, भलताच असतो. म्हणून आधी कागदावर हिशेब: फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत ३.०० मीटर, १८ राइझर, प्रत्येकी १६६.७ मिमी. घरगुती जिन्याला राइझर जास्तीत जास्त १९० आणि पायरीची रुंदी कमीत कमी २५० मिमी, त्यात हे बसते. ९-९ राइझरच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीत ८ पायऱ्या, म्हणजे २.०० मीटर. त्यात १.०० मीटरचे लँडिंग (मधला सपाट टप्पा) आणि वर पोहोचल्यावर उभे राहायला आणखी १.००. लांबी ४.००, रुंदी दोन ओळी आणि मधली १० सेंमी फट धरून २.१०. हा आयत नकाशात मोकळा ठेवा, मॉडेल त्यात नंतर शोभेपुरते टाका.

छेद काढल्याशिवाय न दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, पहिली आणि शेवटची पायरी. खोलीच्या फरशीची जाडी मसाल्यासकट ५० मिमी धरली आहे, पायरीवरच्या ग्रॅनाइटची ३०. सेंट्रिंगवाल्याने (काँक्रीटचा साचा बांधणाऱ्याने) १८ समान भाग पाडून कच्चा जिना ओतला, तर फरशी बसल्यावर पहिल्या पायरीची उंची १४६.७ आणि शेवटचीची १८६.७ होते. चार सेंटिमीटरचा फरक, आणि अंधारात ठेच तिथेच लागते. म्हणून कच्च्या जिन्यात पहिला राइझर १८६.७, मधले सगळे १६६.७, शेवटचा १४६.७ असे नकाशावर अंकात लिहून द्यायचे.

दुसरी, लँडिंगखालची जागा. ‘जिन्याखाली टॉयलेट काढू’ ही पुण्यातल्या प्रत्येक लहान प्लॉटची हौस. वरून बघितले तर एक बाय दोन मीटरची जागा छान दिसते. छेदात मात्र लँडिंग १.५० वर, त्यातून ३० मिमी ग्रॅनाइट, १५० चा स्लॅब आणि १२ चे प्लास्टर वजा जाता खाली १.३० मीटर उरतात. जाण्यायेण्याला तिथे २.२ मीटर उंची लागते. इन्व्हर्टर किंवा वॉशिंग मशीन ठेवा, टॉयलेटचा विषय तिथेच संपवा.

मजल्याची उंचीही याच छेदात तपासली. वरचा स्लॅब १२५ मिमीचा धरला तर छत प्लास्टरसकट २.८१ वर येते, म्हणजे राहत्या खोलीच्या २.७५ ला पुरते. ४५० च्या बीमखाली २.५० राहतात, आणि २.१० वरच्या लिंटेलला (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईला) अडचण नाही.

ऊन बघायचे तर स्वीट होम थ्रीडीतल्या होकायंत्रावर दोनदा क्लिक करून ठिकाण तपासा. अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६. ते पुण्याचे नसेल तर सावल्या दुसऱ्याच गावच्या पडतात. उत्तर दिशाही प्लॉटवर फिरवून घ्या. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२:३५ ला, त्यामुळे प्रोग्रामने काढलेल्या बारा वाजताच्या फोटोवर निकाल देऊ नका. फोटोचा दर्जा वरचा निवडला तरच तारीख-वेळेप्रमाणे ऊन पडते.

निकाल अपेक्षित आहेत. २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, दक्षिणेच्या ६० सेंमी छज्जाची सावली ६७ सेंमी खाली उतरते. १.२० मीटरच्या खिडकीत थंडीचे ऊन येते, ते हवेच आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेला सरकतो, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसते. पश्चिमेला मात्र छज्जा हरतो. मेच्या मध्यात संध्याकाळी पाचला त्याच ६० सेंमीची सावली जेमतेम ३० सेंमी पडते. त्या बाजूला जिना आणि बाथरूम सरकवले आहेत, खिडकी फक्त उंचावरची.

छपाई: १:५० साठी ए-३ लागतो. ए-४ वर मापांच्या रेषांना जागा उरत नाही, तिथे १:१०० च वापरा. नकाशाच्या कोपऱ्यात ५ मीटरची एक रेघ टाका. १:५० ला ती कागदावर नेमकी १०० मिमी भरली पाहिजे. ९६-९७ भरली तर छापताना ‘पानात बसवा’ चालू राहिले आहे.

महापालिकेत यातला एकही कागद चालत नाही. तिथला नकाशा आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनियरच्या सहीने, यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीने जातो, आणि मार्जिन (घराभोवतीची मोकळी जागा) किती सोडायचे हेही तेच सांगतील. त्यांना पीडीएफ देण्यापेक्षा डीएक्सएफ ही रेखाटनाची फाइल द्या. लिब्रेकॅड तेच साठवते आणि त्यांच्या ऑटोकॅडमध्ये ते उघडते. भिंती, कॉलम, दारे, मापे यांचे थर (लेयर) वेगळे ठेवा. सगळे एकाच थरावर असेल तर ते नव्यानेच काढतात.

पुढच्या नोंदीत बाथरूमचा सखल स्लॅब, ड्रेनेजचा उतार आणि पहिल्या मजल्याचे कॉलम खालच्यांवर बरोबर बसतात का याची पडताळणी.