मेलरोजचे टेल्फर मास्तर

स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील बॉर्डर्स या डोंगराळ प्रदेशात मला आता चौथे वर्ष लागले आहे, आणि येथे रग्बीचा विषय निघाला की जुन्या मंडळींच्या तोंडी जिम टेल्फर हे नाव हटकून येते. १९४० साली मेंढपाळाच्या घरी जन्मलेले टेल्फर मेलरोज क्लबकडून खेळले, स्कॉटलंडचे कर्णधार झाले, आणि पोटापाण्यासाठी रसायनशास्त्र शिकवत पुढे हॉइक येथील शाळेचे मुख्याध्यापकही झाले. रग्बी युनियन या पंधरा खेळाडूंच्या रग्बी प्रकारात १९९५ पर्यंत खेळण्याचे पैसे घेण्यास मनाईच होती. शनिवारी देशाकडून खेळलेला माणूस सोमवारी फळ्यापुढे उभा असे.

प्रशिक्षक म्हणूनही ते मास्तरच राहिले, असे मला वाटते. १९६६ साली लायन्स या इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड यांच्या संयुक्त संघातून ते न्यूझीलंडला गेले, तेव्हा तेथील ‘रक’ त्यांनी डोळ्यांत साठवून आणला. रक म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही बाजूंनी पाय रोवून, कमरेत वाकून एकमेकांना मागे रेटणे. जो आधी ताठ होतो तो उखडला जातो.

गेल्या नोव्हेंबरात मेलरोजच्या ग्रीनयार्ड्स मैदानावर शाळकरी मुले स्क्रम मशीन, म्हणजे गाद्या लावलेला लोखंडी सांगाडा, चिखलातून रेटताना मी पाहिली. पाऊस तिरपा येत होता आणि मुलांच्या पाठींतून वाफ निघत होती. शेजारचे आजोबा हातातला बोव्हरिलचा, म्हणजे गोमांसाच्या अर्काच्या गरम पेयाचा, पेला सावरत म्हणाले, “टेल्फर असते तर यांना अजून वीतभर खाली वाकवले असते.”

मात्र याच मास्तरांचा निकाल १९८३ साली सपशेल लागला होता. त्यांच्या प्रशिक्षणाखालील लायन्स न्यूझीलंडमध्ये चारही कसोटी हरले, शेवटची तर ३८-६ अशी. पुढच्याच मार्चमध्ये एडिनबराच्या मरेफील्ड मैदानावर फ्रान्सला २१-१२ असे हरवून त्यांच्या स्कॉटलंडने पंचराष्ट्रीय स्पर्धेतील (लायन्सचे चार देश आणि फ्रान्स) चारही सामने जिंकले. असा ग्रँड स्लॅम देशाला १९२५ नंतर प्रथमच मिळाला होता. १९९० च्या ग्रँड स्लॅमच्या वेळी मुख्य प्रशिक्षक इयन मॅकगीकन होते आणि फॉरवर्ड्स, म्हणजे रेटारेटी करणारे पुढच्या फळीतले आठ खेळाडू, टेल्फरांकडे होते. हीच जोडी १९९७ साली लायन्सबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेली. पहिल्या कसोटीपूर्वी टेल्फरांनी आठ फॉरवर्ड्सना समोर बसवून बजावले की, संघात निवड होणे हा सोपा भाग होता आणि हा सामना म्हणजे तुमचा एव्हरेस्ट आहे. ते भाषण येथे अनेकांना मुखोद्गत आहे, त्यातील शिव्यांसकट. समोर जगज्जेता संघ होता. लायन्सनी मालिका २-१ अशी जिंकली.

मला स्वतःला त्यांची पॅरिसची गोष्ट अधिक आवडते. १९६९ साली तेथे फ्रान्सवर ६-३ असा विजय मिळवून देणारा ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, टेल्फरांचा होता. त्यानंतर पॅरिसमध्ये जिंकायला स्कॉटलंडला १९९५ उजाडावे लागले. १९९९ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा त्यांच्या संघाने पहिल्या अर्ध्यातच पाच ट्राय केले आणि सामना ३६-२२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी वेल्सने इंग्लंडला एका गुणाने हरवले आणि शेवटची पंचराष्ट्रीय स्पर्धा स्कॉटलंडच्या नावावर लागली.