विमा कंपनी बुडाली, मग वकिलांची फी कोणी द्यायची?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या गोदामात खोकं उचलताना माझा उजवा खांदा कायमचा गेला. दोन वर्षांनी ओकलंडच्या वर्कर्स कॉम्प (कामावर झालेल्या इजेची भरपाई) कोर्टात निकाल माझ्या बाजूने लागला. दर दोन आठवड्यांनी भरपाईचा चेक यायचा. पाच आले आणि थांबले.

विमा कंपनीला फोन केला की एकच उत्तर मिळायचं, "फाइल बघतोय." शेवटी वकीलबाईंनी अर्ज केला. कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडमध्ये, म्हणजे कामगार कायद्यात, विनाकारण रखडवलेल्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे (जास्तीत जास्त १० हजार डॉलर), ते कलम ५८१४. निकालाचे पैसे वसूल करायला वकिलाला जे काम पडतं, त्याची वाजवी फीही समोरच्याकडूनच मिळते, ते ५८१४.५. सुनावणी व्हायच्या आतच पत्र आलं, कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली.

त्या रात्री ते पत्र ओट्यावर ठेवून आम्ही दोघं नुसते बघत बसलो. हे म्हणाले, "वकीलबाईंचे पैसे आता आपण भरायचे का गं?" खात्यात जेमतेम भाड्यापुरते पैसे होते.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी पिवळ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे निकालातली फी लिहिली, म्हणजे जजने मंजूर केलेले, माझ्याच भरपाईतून कापले जाणारे १५ टक्के. कंपनी बुडाली की तिच्या जागी कॅलिफोर्निया इन्शुरन्स गॅरंटी असोसिएशन, म्हणजे 'सिगा', उभी राहते. इतर विमा कंपन्यांकडून वर्गणी घेऊन ती हे दावे भागवते. बाकीच्या दाव्यांना असते तशी कमाल रकमेची मर्यादा वर्कर्स कॉम्पला नाही. त्यामुळे माझी भरपाई सुरक्षित होती आणि तिच्यातली फीसुद्धा.

उजवीकडे दंड आणि वसुलीची फी. त्यावर त्यांनी काट मारली. इन्शुरन्स कोडच्या १०६३.१ प्रमाणे, बुडालेल्या कंपनीने केलेल्या दिरंगाईपोटी ५८१४ किंवा ५८१४.५ खाली मिळणारी रक्कम सिगाने द्यायची नसते.

माझ्याकडूनही त्यांनी काही घेतलं नाही. वर्कर्स कॉम्पच्या अपील बोर्डाने मंजूर केल्याशिवाय वकिलाला फी मागताच येत नाही. म्हणजे त्यांची कित्येक महिन्यांची पत्रं, फोन, अर्ज सगळं फुकट गेलं. हे मला आजही पटत नाही. कंपनी डबघाईला आली की आधी चेक रखडतात, आणि कामगाराला वकिलाची खरी गरज तेव्हाच असते. नेमकं तेच काम कायद्याने कवडीमोल ठरवलंय.

कोणाची केस अशी अडकली असेल तर चेकचे लिफाफे फेकू नका. कायद्यातली सूट फक्त बुडालेल्या कंपनीच्या दिरंगाईला आहे, सिगाच्या नाही, त्यामुळे उशीर कोणत्या तारखेपर्यंत कोणाचा होता हे दाखवावं लागतं. माझ्याकडे पाच लिफाफे होते, त्यांवरच्या पोस्टाच्या शिक्क्यांवरूनच वकीलबाईंनी थकबाकीचा हिशेब मांडला. सिगाचा पहिला चेक मागच्या बाकीसकट आला.