एका हंगामात तीन बेअरिंगं: फीड पंपाची बॅलन्स डिस्क बसवण्याचा माझा अनुभव

मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा ताशी ८० टनांचा, ४५ किलो दाबाचा बॉयलर (दाबाचे किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला). त्याला पाणी देणारा आठ स्टेजचा फीड पंप, २९८० आरपीएम, डिलिव्हरी ६० किलो. गळीत हंगामात या पंपाची मोटरच्या विरुद्ध बाजूची बेअरिंग तीनदा गेली. पहिली का गेली ते लगेच कळलं. ग्लँडचं, म्हणजे शाफ्टभोवतीच्या सीलमधून गळणारं, पाणी हाऊसिंगमध्ये शिरून तेल ताकासारखं पांढरं झालं होतं. दुसरी एकोणीस दिवसांत गेली, तिसरी अकरा दिवसांत. तेल मात्र दोन्ही वेळा स्वच्छ होतं. हंगाम संपल्यावर पंप पूर्ण उघडला, तेव्हा काय सापडलं आणि पुन्हा कसा बांधला, ते इथे लिहितो.

आधी थ्रस्टचा, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ढकलणाऱ्या भाराचा हिशेब, कारण तो न करताच बेअरिंगवर बेअरिंग बदलत राहण्याची सवय सगळीकडे आहे. या पंपाचे आठही इंपेलर (पाणी फेकणारी चक्रं, दर स्टेजला एक) एकाच दिशेला तोंड करून बसलेले. इंपेलरच्या पाठीवर त्या स्टेजचा वाढलेला दाब असतो आणि समोर, डोळ्याच्या जागी, कमी दाब. त्यामुळे प्रत्येक इंपेलर सक्शनकडे ढकलला जातो. आमच्या वेअर रिंगचा (डोळ्याभोवतीच्या सीलिंग रिंगचा) व्यास १४० मिमी, हबचा ७५ मिमी, म्हणजे मधलं क्षेत्रफळ ११० चौरस सेंटीमीटर. एका स्टेजचा दाब ७.३ किलो धरला तर आठ स्टेजचे ६,४०० किलो होतात. इंपेलरच्या पाठीमागचं पाणी फिरत असल्यामुळे हबकडे दाब कमी होतो, म्हणून मी ७० टक्के धरतो. तरी साडेचार टन उरतात.

हे साडेचार टन बेअरिंगवर टाकून पाहा. ६० मिमी शाफ्टवर ७३१२ नंबरची, ४० अंश कोनाची अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग असती, तर तिची डायनॅमिक क्षमता सुमारे १०० किलोन्यूटन. सूत्रात घातलं की आयुष्य निघतं साडेतीनशे तास, म्हणजे पंधरा दिवस. गाळप चालतं तीन-चार महिने. म्हणूनच अशा पंपात हा भार बेअरिंगला द्यायचाच नसतो. तो बॅलन्स डिस्क घेते.

डिस्क शेवटच्या इंपेलरच्या पलीकडे शाफ्टवर फिरते आणि तिच्या आतल्या बाजूला केसिंगमध्ये घट्ट बसवलेली सीट असते. शेवटच्या स्टेजचं पाणी आधी हबभोवतीच्या बुशमधून येतं, मग डिस्क आणि सीटमधल्या फटीतून बॅलन्स चेंबरमध्ये पडतं आणि तिथून बॅलन्स लाइनने डीएरेटरला (पंपाला पाणी पुरवणाऱ्या, पाण्यातली हवा काढणाऱ्या टाकीला) परत जातं. रोटर सक्शनकडे सरकला की फट बारीक होते, डिस्कच्या आतल्या अंगाचा दाब वाढतो आणि रोटर मागे येतो. चालू पंपात ही फट साधारण ०.१ मिमी असते. रोटरची अक्षीय जागा डिस्कच ठरवते, म्हणून बेअरिंगने त्याला मोकळं सोडलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही टोकांना एनयू जातीच्या रोलर बेअरिंग असतात. एनयूच्या आतल्या रिंगला कडा नसते, त्यामुळे शाफ्ट दोन्हीकडे सरकू शकतो.

गेलेल्या दोन बेअरिंग मी भंगारातून परत काढून आणल्या. दोन्ही एनजे ३१२ निघाल्या. एनयू स्टोअरमध्ये नव्हती, मापं तंतोतंत तीच, म्हणून एनजे बसवली गेली होती. एनजेच्या आतल्या रिंगला एका बाजूला कडा असते. आमच्याकडे ती कडा बाहेरच्या बाजूला आली होती. रोटर सक्शनकडे निघाला की डिस्कची फट बंद होण्याआधीच ती कडा रोलरच्या टोकांवर दाबली जायची आणि टनांचा भार त्या एवढ्याशा कडेवर यायचा. खूण स्पष्ट होती: कडा जळून निळी पडलेली, रोलरची एका बाजूची टोकं घासून आरशासारखी झालेली आणि धाव (रोलर ज्यावर फिरतात तो पृष्ठभाग) मात्र स्वच्छ. जिथे धाव चांगली आणि कडा जळालेली, तिथे तेल आणि अलाइनमेंटला दोष देऊ नका.

आता उघडण्याचा क्रम. पंप बंद करण्यापूर्वी बॅलन्स लाइनचा दाब टिपून ठेवला होता: सक्शन १.५ किलो, बॅलन्स लाइन ३.८ किलो. हा फरक एक किलोच्या आत असायला हवा होता. वाढलेला दाब म्हणजे हबभोवतीची बुश झिजून पाणी जास्त येतंय. (या लाइनवर व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा ठेवून साखळीने कुलूपबंद करा. चालू पंपात तो कुणी बंद केला, तर डिस्कच्या दोन्ही अंगांना सारखा दाब होतो आणि काही सेकंदांत डिस्क सीटवर आदळते.)

कपलिंग सोडल्यावर सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे फ्लोट, रोटर पुढे-मागे एकूण किती सरकतो ते. शाफ्टच्या टोकाला डायल लावला. डिस्क काढून रोटर सक्शनकडे टेकवला आणि डायल शून्य केला, मग डिलिव्हरीकडे पूर्ण ओढला: ६.२ मिमी. म्हणजे इंपेलरचं तोंड डिफ्यूझरच्या (त्याभोवतीच्या स्थिर मार्गांच्या) समोर यायला रोटर मधोमध, ३.१ वर हवा. जुनी डिस्क परत घालून ती सीटला टेकेपर्यंत रोटर ढकलला, तर डायल २.१ दाखवत होता. अख्खा १ मिमी झिजलेला: डिस्क ०.७ आणि सीट ०.३. हे माप न घेता पंप खोलला की पुढचं सगळं अंदाजाने करावं लागतं.

एवढी झीज का झाली? डिस्क आणि सीटमधली पाण्याची फट पंपाच्या स्वतःच्या दाबावर टिकते, आणि सुरू होताना व थांबताना तो दाब नसतो. लाइट गेली, ट्रिप झालं, पुन्हा लावला, की दर वेळी दोन्ही पृष्ठभाग थोडे घासतात. ऊस कमी येतो तेव्हा बॉयलर हळू चालतो आणि पंप कमी डिस्चार्जवर राहतो. तिथे दाब सगळ्यात जास्त, म्हणून थ्रस्टही जास्त. अशा वेळी थोडं पाणी डीएरेटरला परत फिरवून पंपाचा डिस्चार्ज टिकवणारी आमची रीसर्क्युलेशन लाइन अर्धी चोंदलेली होती. सक्शनची जाळी तुंबून पाणी वाफाळलं तर सगळ्यात वाईट, कारण तेव्हा डिस्कला आधार देणारं पाणीच गायब होतं.

नवी डिस्क आणली, सीट लेथवर आणखी ०.४ मिमी कातून सपाट केली. दोन्ही तेरा टक्के क्रोमियमच्या, पण कडकपणा वेगवेगळा. निदान ५० ब्रिनेलचा फरक हवा, नाहीतर घासल्या की एकमेकींना चिकटून सोलवटतात. नवी डिस्क घालून माप घेतलं: २.४. हवे होते ३.१. इथे बरेच जण उलट दिशेने जातात आणि शेवटचा इंपेलर व डिस्कमधल्या स्पेसर रिंगच्या जागी जाड रिंग घालतात. रिंग जाड केली तर डिस्क बाहेर जाते आणि रोटर आणखी सक्शनकडे सरकतो. रिंग पातळ करायची असते. आमची रिंग लातूरच्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंगवर ०.७ मिमी घासून आणली, दोन्ही तोंडं समांतर ०.०१ मध्ये. पुन्हा माप: ३.१.

मग डिस्कचं तोंड डायलने तपासलं. नट आवळल्यावर रनआऊट (फिरताना तोंडाची डुगडुग) ०.०५ आला, तो ०.०२ च्या आत हवा. नट सोडून पाहिलं तर की-वेजवळ (चावीच्या खाचेजवळ) बारीक बर, म्हणजे धातूची उठलेली कड, होती. ती घासल्यावर ०.०१५ वर आला. मग ब्लू (स्पर्श दाखवणारा निळा रंग) लावून डिस्क सीटवर फिरवली. रंग सलग गोल उमटला पाहिजे. एका बाजूलाच उमटला, तर डिस्क तिरकी फिरते, उघड्या बाजूने पाणी जातं आणि दुसरी बाजू घासते.

बेअरिंगचं काम एरवी सोपं असतं, पण आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन त्यात खोट आणतं. शेडबाहेर ठेवलेला शाफ्ट आणि कपाटातला मायक्रोमीटर यांच्या तापमानात १५ अंशांचा फरक सहज पडतो. ६० मिमी शाफ्ट त्या फरकाने १० मायक्रॉन फुगतो, आणि के६ फिटची (बेअरिंग घट्ट बसावी म्हणून शाफ्ट किती जाड ठेवायचा त्या प्रमाणाची) पूर्ण हद्दच २ ते २१ मायक्रॉन. म्हणून मापं सकाळी सातला, शाफ्ट रात्रभर आत ठेवून घेतली. एनयूची आतली रिंग इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवली. एवढ्या तापाने ती सुमारे ५० मायक्रॉन मोठी होते आणि हाताने सरकते. गॅस कटरच्या ज्योतीने तापवू नका, एका जागी स्टील निळं पडलं की तिथून रिंग जाते. रोटर ३.१ वर असताना रोलर आतल्या रिंगच्या मधोमध आहेत ना, हेही पाहिलं. तेल व्हीजी ६८, पातळी खालच्या रोलरच्या अर्ध्यापर्यंत. जास्त भरलं तर तेल घुसळून तापतं.

शेडमधल्या टर्बाइनला मात्र टिल्टिंग पॅडची, म्हणजे तेलाच्या थरावर किंचित कलणाऱ्या पट्ट्यांची थ्रस्ट बेअरिंग आहे. ऑस्ट्रेलियात मिशेलने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं आणि किंग्जबरीने स्वतंत्रपणे तीच कल्पना १९१२ मध्ये अमेरिकेत होल्टवूडच्या जलविद्युत केंद्रात वापरली. फीड पंपालाही ती बसवता येते, सोबत बॅलन्स ड्रम (थ्रस्टचा बराचसा भार पेलणारा शाफ्टवरचा दंडगोल) देऊन. पण तिला दाबाखालचं तेल, कूलर, स्टँडबाय पंप हे सगळं लागतं. एवढ्या पंपाला डिस्कच परवडते, माप सांभाळलं तर.

शेवटी कपलिंग. गिअर कपलिंगमधलं ग्रीस वाळून दगड झालं होतं. दात अडकले की रोटर सरकू शकत नाही आणि डिस्कचं काम बिघडतं. साफ करून नवं ग्रीस भरलं. आमची मोटर सक्शनच्या बाजूला आहे, म्हणून झीज होईल तसा रोटर मोटरकडे येतो. डिस्क सीटला टेकवून गॅप ५ मिमी ठेवला, अलाइनमेंट ०.०५ च्या आत.

बॉयलर अग्निप्रदीपनानंतर ट्रायल घेतली. सक्शन आणि बॅलन्स लाइन पूर्ण उघडी, रीसर्क्युलेशन उघडी, हवा काढून, केसिंग गरम करून मगच स्टार्ट. बॅलन्स लाइन २.२ किलो. बेअरिंगचा ताप हवेपेक्षा २८ अंश जास्त. नुसता ७० अंश हा आकडा डिसेंबरात आणि एप्रिलात वेगवेगळं सांगतो, म्हणून हवेशी फरकच लिहायचा. बंद केल्यावर पंप थांबायला ३४ सेकंद लागले. हा आकडा लॉगबुकच्या पहिल्या पानावर आहे. तो निम्म्यावर आला की आत काहीतरी घासतंय. शाफ्टच्या टोकासमोर एक पॉइंटर पक्का बसवला. दर पंधरा दिवसांनी फीलर गेज घालून पाहतो, मार्चअखेर रोटर ०.०५ मिमी सरकला होता. स्टोअरच्या कार्डावर आता ‘रोलर बेअरिंग ३१२’ असं लिहिलेलं नाही, ‘एनयू ३१२, एनजे चालणार नाही’ असं लाल शाईत आहे.